गेटबाहेरचा नळ

समाधान ढोके यांना नियम वाचायची आवड होती. काही माणसं रहस्यकथा वाचतात, ढोके परिपत्रकं वाचत, तीही शेवटच्या तळटिपेपर्यंत. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून ते मोठी परीक्षा द्यायला दिल्लीत आले. मोठ्या परीक्षेने नाकारलं, त्याहून थोड्या लहान परीक्षेने ठेवून घेतलं. मग सरकारी नोकरी, लक्ष्मीबाई नगरातलं क्वार्टर, आणि निवृत्तीनंतर गाझियाबादच्या एका सोसायटीत तीन खोल्यांचा फ्लॅट. सोसायटीला सचिव हवा होता, म्हणजे कोणालाच व्हायचं नव्हतं. निवृत्त सरकारी माणूस सापडल्यावर चर्चेची गरज उरली नाही.

सोसायटीची बोअरवेल इतकी वर्षं एका बंद खोलीत गुपचूप चालत होती. खोलीवर ‘योग कक्ष’ अशी पाटी होती. आत योगासनं करायला फक्त मोटार. ढोक्यांनी पाटी काढवली, बोअरवेल रीतसर नोंदवली, मीटर बसवला. आता उपशाचा आकडा भूजल खात्याला कळवायचा आणि त्यानुसार शुल्क भरायचं. सोसायटी पहिल्यांदाच कायदेशीर पाणी प्यायला लागली. चव तीच होती.

अडचण निघाली ती एका नळाची. गेटबाहेर भिंतीला एक नळ होता. रस्त्यापलीकडच्या झोपड्यांतल्या बायका, ई-रिक्षावाले, सोसायटीत धुणीभांडी करणारी पार्वती, सगळे तिथून पाणी नेत. मीटर नव्हता तोवर ते पुण्य होतं. मीटर आल्यावर तो उपसा झाला.

“ढोके जी, ये सब हमारी रीडिंग में चढ़ रहा है,” अध्यक्ष सब्बरवाल म्हणाले. “पिएँ वो, भरें हम?”

पैशांचं ढोक्यांना फारसं नव्हतं. त्यांनी खात्याला ‘रहिवाशांचा घरगुती वापर’ एवढंच लिहून दिलं होतं, आणि हे पाणी रहिवासी पीत नव्हते. ते घरगुती म्हणून दाखवणं खोटं झालं असतं. बाहेरचा वापर दाखवावा, तर परवानगी नव्याने घ्या, वाढीव दराने शुल्क भरा. ढोक्यांनी आयुष्यात खोटा आकडा दिला नव्हता. तेव्हा आकडा खरा ठरावा अशी त्यांनी व्यवस्था केली. नळाला कुलूप घातलं आणि वर नोटीस लावली: ‘यह नल केवल निवासियों के लिए है। बाहरी व्यक्ति यहाँ से पानी न लें।’

सब्बरवालांनी त्यांची पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात ढोक्यांची आई लीलाबाई पवनीहून आल्या. दर वीस मार्चला, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, लक्ष्मीबाई नगरात मराठी बौद्ध कुटुंबांचा कार्यक्रम होतो आणि त्यात ढोक्यांचं भाषण असतं. यंदा तारीख रविवारी आली नव्हती म्हणून कार्यक्रम जवळच्या रविवारी होता, आणि ऐंशी उलटलेल्या आईला ते भाषण ऐकायचं होतं.

सकाळी फिरून आल्यावर चपला न काढताच त्यांनी विचारलं, “समाधान, बाहेर नळावर लिहून आहे, ते कोणं लिहिलं रे?”

ढोके पेपर वाचत राहिले.

“आजी, पप्पांनीच ड्राफ्ट केलंय!” मुलगी श्रावस्ती अभिमानाने म्हणाली. “बिल्कुल क्लिअर आहे ना? प्रिंट मी काढला.”

“स्पष्ट आहे,” लीलाबाई म्हणाल्या. “आमच्या वेळेस लिहून नव्हते ठेवत. सगळ्यायले पाठच होतं.”

मग चपला काढून त्या आत गेल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

“पप्पा, म्हणजे काय?” श्रावस्तीने विचारलं. ढोक्यांजवळ याच विषयावरचं तासाभराचं भाषण तयार होतं. त्यांनी ड्रॉवरमधून कुलपाची किल्ली काढली.

किल्ली घेऊन ते खाली उतरले. पार्वती दुसरीकडून भरून आणलेला कॅन ओढत येत होती. तिच्यादेखत त्यांनी कुलूप काढलं, नोटीस फाडली.

“खुल गया, साहब? सब्बरवाल जी से लड़ाई की होगी आपने.”

“नहीं. नोटिस मैंने लिखी थी. ताला भी मैंने ही लगाया.”

पार्वती हसली. “रहने दो साहब. उनको बचा रहे हो. आप जैसा आदमी ऐसा लिखेगा?”

पार्वतीच्या मागून हंडा घेऊन आलेल्या एका म्हातारीने त्यांना तोंडभर आशीर्वाद दिला. ढोक्यांनी तो खाली मान घालून घेतला. परत करायची सोय नव्हती.

वरून, बाल्कनीतून, सब्बरवालांनी विचारलं, “और नियम का क्या, ढोके जी?”

“बाहर का इस्तेमाल लिखकर भेजूँगा. जो शुल्क बनेगा, भरना पड़ेगा.”

“अच्छा! मीटिंग में देखते हैं.”

रविवारी लीलाबाई पहिल्या रांगेत बसल्या. ढोके उठले, आणि भाषणाऐवजी त्यांनी ती नोटीस जशीच्या तशी म्हणून दाखवली. “ही मी लिहिली,” ते म्हणाले. “गेल्या आठवड्यात.” मग बोअरवेल, मीटर आणि कुलपाची हकिकतही सांगितली. इथे सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. त्यातल्या बहुतेकांच्या सोसायटीला गेट होतं.

ते खाली बसल्यावर सूत्रसंचालकाने भूजलाविषयी उपयुक्त माहिती दिल्याबद्दल त्यांचे आभार मानले आणि चहा जाहीर केला. चहाला लोक त्यांच्याशी गुडघ्यांबद्दल बोलले, पेन्शनबद्दल बोलले, नागपूरच्या उन्हाबद्दल बोलले. जुने सहकारी हणमंतराव तेवढे कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “आमच्याकडेही बाहेर एक नळ आहे यार. मीटर बसतोय. काय करायचं?”

“नोंदणी करतानाच नळ दाखवा,” ढोके म्हणाले. “मला तेव्हाही सुचलं होतं. पण कुलूप सोपं वाटलं.”

परतताना मेट्रोत लीलाबाई समोर बसल्या होत्या. ढोके त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. डब्यात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

“ती मीटिंग कधी आहे?” लीलाबाईंनी विचारलं.

“बुधवारी. सब्बरवाल नळ बंद करायचा ठराव आणतायत. बहुतेक सगळे त्यांच्याच बाजूचे आहेत, आई.”

“अन् तू?”

“मी विरोधात बोलणार.”

“उद्याचं तिकीट आहे माझं,” लीलाबाई म्हणाल्या. “पुढं ढकल.”