आप्पांच्या हाडातलं शिसं

मंडळी, दौंडला घरी येऊन दोनेक तास झालेत, पण आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून इथं लिहितेय.

मी पुण्यात एका लॅबमध्ये काम करते. प्रथिनांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, आम्ही शेकड्यांनी एकाच काचपट्टीवर लावतो. वरून धातू मिसळलेलं पाणी सोडतो आणि कोणता तुकडा कोणता धातू धरतो ते झटपट तपासतो. आज सकाळी एका तुकड्यानं फक्त शिसं धरलं, हाडांना लागणाऱ्या कॅल्शियमला हातसुद्धा लावला नाही. आम्ही सगळे आनंदानं ओरडलो.

मला मात्र आप्पाच आठवले. त्यांनी तरुणपणी शिरूरकडे एका शेडमध्ये शिसं काढण्यासाठी जुन्या बॅटऱ्या फोडल्या. डॉक्टरांनी अंगात गेलेलं जमेल तेवढं शिसं काढलं, उरलेलं हाडांत बसलंय. मनगटं लुळी पडलीत, शर्टाची बटणं आई लावते.

घरी आल्या आल्या त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या कसाबसा माझ्यापुढं सरकवला.

"यात टाक की तुझं ते. मी पितो."

"आप्पा, ते औषध न्हाई वो. अजून नुसतं काचंवर चाललंय. माणसाला द्यायला लय वर्षं लागत्याल."

"बरं. तवर मी हाय का?"

"हाय की," मी म्हणाले. त्यांनी तांब्या कोपरानं परत आपल्याकडं ओढून घेतला.

आता ते जेवायला बसलेत, आई भरवतेय. मला दाराबाहेरच्या ओट्यावरून आत जाववत नाही.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?