एकाच बटणाचा डबा

माझी गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. डाव्या हातातला पोलादी तुकडा तारांवरून सरकवला की सूर निघायचा, पण आवाज मोठा करणारं मशीन नसेल तर तो माझा मलाच ऐकू येणार. आणि मशीन दादाच्या ताब्यात. आमच्या ऑर्केस्ट्रात ही रीतच पडली होती. दादा गायचा, भाड्याचं मशीन त्याच्याशेजारी स्टुलावर, त्याचा माईक आणि माझी गिटार दोन्ही त्यातच लावलेली, आणि त्याचा एक हात कायम बटणांवर. गाणं सुरू झालं की गिटारचं बटण खाली. ते पुन्हा वर करायचं त्याला कधी सुचलंच नाही. एका गावात एका बाईंनी मला प्रेमानं विचारलं, "तुमी नुसत्याच बसता व्हय?" मी हसले, पण आतून पेटले होते.

साठ सालानंतरची गोष्ट. मी साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. गिटारसाठी स्वतःचं मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा पगार माझा असला तरी पारख आपलीच, असं समजून दादा सोबत आला. सांगलीत विश्रामबागेकडे एकजण रेडिओ दुरुस्त करायचे आणि सांगाल तशी मशीनं बांधून द्यायचे. त्यांनी दोन मशीनं टेबलावर मांडली.

एक थोरलं, पुढं बटणांची रांग. दुसरा साधा लाकडी डबा. आत काचेचे तीन वाल्व आणि एक स्पीकर, बाहेर वायर खुपसायला एकच जागा, आणि आवाजाचं एकच बटण.

"आगं, ह्यात समदं लागतंय," दादा थोरल्यावर हात ठेवून म्हणाला. "दोन माईक, गिटार, रेकॉर्डी. लग्नाकार्यात बी चालंल."

"मला लग्नाकार्यात चालवायचं न्हाई. मला गिटार वाजवायचीय."

"मास्तरीण झाली, पर डोस्कं न्हाई," तो दुकानदारांकडे बघून हसला.

दोन्ही लावून बघितली. थोरल्यात सूर स्वच्छ होता, खोटं कशाला बोलू. पण डब्याचे वाल्व तापले, मी तार छेडली, आणि सूर जाडसर, किंचित खरखरीत होऊन असा लांबत गेला की माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज माझा होता. शिवाय हा डबा माझ्या गुडघ्याशी राहणार होता, दादाच्या हाताला लागणार नव्हता. हे मी बोलून दाखवलं नाही. "हाच," एवढंच म्हणाले.

परतताना एसटीत दादा माझ्याशेजारी बसला होता. कराड गेल्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "रहिमतपूरच्या गणपतीच्या कार्यक्रमात कायबी अडलं, तर तू आन तुजा डबा घरी. परत स्टेजवर घ्यायची न्हाई."

तो बोलेल तसं करणारा माणूस. आणि त्या काळी भावाच्या ऑर्केस्ट्राबाहेर मला कोण वाजवू देणार होतं?

रहिमतपूरला गणपतीचा मांडव गच्च भरला होता. माईकसाठी नेहमीसारखं भाड्याचं मशीन, माझ्या पायाशी माझा डबा. तिसऱ्या गाण्यात दिवे एकदम मंदावले, पुन्हा भडकले, आणि भाड्याच्या मशीनमधून जळका वास आला. दादाचे ओठ हलत होते, कर्ण्यातून आवाज मात्र नाही. माझी गिटार तेवढी वाजत होती. मी घाबरून हात उचलला.

शिट्ट्या सुरू झाल्या. मंडळाचे अध्यक्ष स्टेजपाशी आले. "लांबनं बोलावून मुकी माणसं आणली व्हय आमी?"

दादा माईकची वायर घेऊन माझ्याकडे धावला आणि गुडघ्यावर बसून डबा चाचपू लागला. खुपसायला जागा एकच. त्यानं माझी पिन उपसली, माईकची लावून बघितली. माईकची पिन वेगळ्या घडणीची, ती तिथं बसेचना. त्यानं पुन्हा जोर लावला.

"त्या थोरल्यात माईक लागला आसता," तो दातओठ खात म्हणाला.

ते खरंच होतं. पोलादी तुकडा माझ्या हातातून दोनदा निसटला. संपलं आपलं, असं मनानं घेतलं.

दादा उठला, स्टेजच्या टोकाला गेला आणि नुसत्या गळ्यानं गाऊ लागला. मी पिन परत लावली, बटण अगदी खाली घेतलं आणि हळू साथ धरली. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मागून ओरडा आला, "ऐकाय येईना!" त्यानं आणखी जोर लावला. आवाज चिरला. पोरं हसली. त्याला असं बघणं मला सोसवेना.

तो माझ्याजवळ येऊन वाकला. धाप लागली होती.

"मागं जातंय का गं?"

खोटं बोलता आलं असतं. "न्हाई, दादा," मी म्हणाले. "पुढच्या पोरांच्या पलीकडं जाईना."

त्यानं माईकची वायर गुंडाळून बाजूला ठेवली. समोर टाळ्या पिटून टिंगल चालली होती.

"मग तू वाजव," तो म्हणाला, आणि माझ्यामागं सामानाच्या ट्रंकेवर जाऊन बसला.

मी बटण वर केलं आणि त्याचंच गाणं पहिल्या ओळीपासून वाजवायला घेतलं.