स्लाऊत बसून अमेरिकेचं नागरिकशास्त्र

माझ्या पदवीला अमेरिकेचं सरकार आडवं आलं होतं, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं ही बाई काहीतरी फेकतेय. पण झालं तसंच. नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला सहा वर्षं टेक्ससमध्ये ठेवलं. नुसतं घरी बसणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून मी तिथल्या एका सरकारी कॉलेजात नाव घातलं आणि पदवीचे एकेक विषय उरकत गेले. मग कंपनीने आम्हाला उचललं आणि इंग्लंडात, स्लाऊला आणून टाकलं. राहिला एकच विषय, अमेरिकेचं राष्ट्रीय सरकार. त्या राज्याचा कायदाच आहे, सरकारी कॉलेजची पदवी हवी असेल तर हा विषय झालाच पाहिजे, मग तुम्ही गणित शिका नाहीतर आणखी काही. मी चडफडले आणि आठ वर्षं तो विषय तसाच ठेवून दिला.

तो बाहेर काढावा लागला शाळेमुळे. इथल्या एका प्राथमिक शाळेत मी आधी जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचे, मग वर्गात शिक्षिकेची मदतनीस झाले. मुलं माझं ऐकायची, त्याला कारण माझा आवाज. एक दिवस हेडबाईंनी बोलावून सांगितलं की सप्टेंबरपासून शाळेत शिकाऊ शिक्षिकेची एक जागा आहे, मी ती तुमच्यासाठी धरून ठेवते, मात्र जुलैअखेर पदवीचा कागद हवा. मला एक्कावन्नावं चालू होतं. त्या वयात आपल्यासाठी कोणी अशी जागा दुसऱ्यांदा धरून ठेवत नाही. मी घरी आले, बूट न काढता लॅपटॉप उघडला आणि जानेवारीच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं.

कोर्स मजेशीर होता. प्राध्यापक टेक्ससमध्ये, मी स्लाऊत, आणि सोबतचे विद्यार्थी कुठे कुठे पसरलेले. दर आठवड्याला एका प्रश्नावर आपलं मत लिहायचं आणि वर दोन वर्गमित्रांच्या मतांना उत्तर द्यायचं. मी दर आठवड्याला दोघांशीही पूर्ण सहमत व्हायचे. एकाने लिहिलं, अध्यक्षाच्या हातात फार अधिकार झालेत. मी लिहिलं, अगदी बरोबर. दुसरीने लिहिलं, अध्यक्षाचे हात फारच बांधलेत. मी लिहिलं, किती छान मांडलंय. लोकांकडे जेवायला गेल्यावर आमटी खारट झालीय असं कोणी तोंडावर सांगतं का? प्राध्यापकांनी शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं की या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील. मला वाटलं, गंमत करतायत.

मत बित ठीक आहे, खरी परीक्षा पुढे आहे, आणि तिथे आपण कोणाला हार जाणार नाही, याची मला खात्री होती. पुण्याच्या शाळेत नागरिकशास्त्रात माझा मार्क कधी गेला नाही. आमच्या बाईंचा नियम साधा होता. पुस्तकातला शब्द बदलला की अर्धा मार्क कापायचा. ‘म्हणून’च्या जागी ‘त्यामुळे’ लिहिलं तरी कापायचा. तेव्हा मी कोर्सच्या ऑनलाइन पुस्तकालाही तसाच हात घातला. लायब्ररीत जाऊन प्रकरणं छापून आणली आणि शाळेत चालत जाता येता, इस्त्री करताना, भात शिजेपर्यंत मी ती पाठ केली. संसद काय करते, अध्यक्ष काय करतो, न्यायालय काय करतं आणि हे तिघं एकमेकांना आवर कसा घालतात, हे तिसरं प्रकरण तर मी डोळे मिटून म्हणत असे. नवरा म्हणायचा, आता अमेरिकेने तुला बोलावलं नाही तर त्यांचंच नुकसान आहे.

सहामाही परीक्षा घरीच, पण कॅमेऱ्यासमोर. आधी लॅपटॉप गोल फिरवून सगळी खोली दाखवायची, मग पुस्तक, फोन काही जवळ न ठेवता लिहायचं. प्रश्न आला तिसऱ्या प्रकरणावरचाच. मला इतका आनंद झाला की मी हात जोडले. मग लिहीत सुटले, स्वल्पविरामांसकट. वेळ संपायच्या कितीतरी आधी पेपर देऊन मी कांदेपोहे केले.

चौथ्या दिवशी कॉलेजची ईमेल आली. उत्तर पुस्तकातून शब्दशः उतरवलेलं आहे. रेकॉर्डिंगमध्ये विद्यार्थिनी वारंवार वर एका कोपऱ्याकडे बघताना आणि ओठ हलवताना दिसते. त्या भिंतीवर बारीक अक्षरांनी भरलेला एक मोठा कागद आहे. चौकशी होईल, आणि दोषी ठरल्यास या विषयात नापास.

तो मोठा कागद म्हणजे आमचं मराठी कॅलेंडर. त्याच्यावर चतुर्थ्या, एकादश्या आणि माझ्या हाताने लिहिलेलं, कुठल्या आठवड्यात कचऱ्याचा कुठला बिन बाहेर काढायचा ते. आणि वर कोपऱ्यात मी बघत होते कारण आठवायला मी नेहमी तिथेच बघते. पाठ केलेलं काय जमिनीकडे बघून आठवतं? हे सगळं मी नवऱ्याला मोठ्या आवाजात समजावून सांगितलं. तो बिचारा मला काहीच म्हणाला नव्हता.

रागाच्या खाली लाज होती, आणि ती फार होती. मी जन्मात कॉपी केली नाही. उलट, मागच्या बाकावरच्या मुलींना दिसू नये म्हणून मी डाव्या हाताचा आडोसा करून पेपर लिहायचे, आणि त्याबद्दल वर्गात माझ्याविषयी काही फार बरं बोललं जात नसे. आता पन्नाशी उलटल्यावर कोणीतरी मला चोर म्हणत होतं. हेडबाईंना काय सांगायचं, या विचाराने दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

चौकशी व्हिडिओ कॉलवर झाली, आमच्या दुपारी तीनला, त्यांच्या सकाळी नऊला. प्राध्यापक प्रथमच दिसले. साठीचे, कपाळावर चष्मा. शेजारच्या चौकटीत कॉलेजच्या कार्यालयातल्या एक बाई. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलंच होतं, ते कॅमेऱ्यापुढे धरून बिनांचं वेळापत्रक समजावलं. मग म्हटलं, पुस्तक उघडा आणि तिसऱ्या प्रकरणातला कुठलाही परिच्छेद विचारा. त्यांनी एक विचारला. मी म्हणून दाखवला. दुसरा विचारला, तोही म्हटला. तिसऱ्याला मी थांबलेच नाही, पुढचं पान सुरू केलं. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. प्राध्यापक हात वर करून पुरे म्हणाले आणि म्हणाले की माझा तुमच्यावर विश्वास आहे, तुम्ही काही चोरलेलं नाही.

माझा जीव भांड्यात पडतोय तोवर ते पुढे म्हणाले, पण हे उत्तर तुमचं नाही. मी त्यांना आमच्या बाईंचा अर्ध्या मार्काचा नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, संसदेने केलेला कायदा अध्यक्षाने एकट्याने अडवावा का?

मी वर कोपऱ्यात बघितलं, तिथे आता नुसता खिळा होता. शेवटी मी विचारलं, “सर, तुम्हाला कुठलं उत्तर हवंय?”

“पुस्तक माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “मला ते नकोय.”

आवाजात जरासुद्धा राग नव्हता, त्याचाच मला जास्त त्रास झाला. त्यांनी एक संधी दिली. येत्या रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे आमच्या सोमवारी सकाळी सहापर्यंत, नवा निबंध. अधिकारावर आवर घालणं म्हणजे काय, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवरून लिहायचं. पुस्तकातलं एकही वाक्य नको. तो निबंध पास तर कोर्स पुढे चालू, नाहीतर विषयात नापास.

पहिले तीन दिवस मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले. कार्डिफला शिकणाऱ्या मुलीला फोन करून रडगाणं गायलं की मला मतच नाही. ती हसायलाच लागली. म्हणाली, “आई, घरी तर तुझा सगळ्यावर ओपिनियन असते. माझा हेअरकटवर पण. सेम ते लिही ना.” मी चिडून फोन ठेवला. पण खरं होतं ते. घरात मी बोलते. चार लोकांत बसले की जो बोलत असेल त्याचंच मला पटतं.

आणि मग मला आमच्या मंडळाचा हॉल आठवला.

स्लाऊतल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती कित्येक वर्षं गावातल्याच एका छोट्या हॉलमध्ये बसायचा. मागच्या वर्षी नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी एकट्याने ठरवून मोटरवेपलीकडचा मोठा हॉल पक्का केला. पार्किंग भरपूर. आमच्या घटनेत स्पष्ट लिहिलंय की जागा बदलायची तर कमिटीची दोन तृतीयांश मतं हवीत. कोणीतरी तो नियम दाखवून दिला, म्हणून मीटिंग बोलावली. मी कमिटीत आहे. मला तो बदल मुळीच पटला नव्हता, कारण जुन्या हॉलच्या मागच्या गल्लीत एक काकू राहतात, ऐंशीच्या, मंडळाच्या पहिल्या वर्षापासूनच्या. त्या रोज चालत आरतीला यायच्या. नव्या हॉलला बस जात नाही. हे सगळं मला माहीत होतं. नवा हॉल मान्य असेल त्यांनी हात वर करा, असं अध्यक्षांनी म्हटलं, आणि मी केला. काकू त्या वर्षी दिसल्या नाहीत.

हे मी लिहून काढलं. नियम कागदावर चोख होता, आवर घालायचा अधिकार आमच्याकडे होता, आणि आम्ही तो वापरला नाही, असं लिहिलं. म्हणून अध्यक्षाने एकट्याने अडवावं का यापेक्षा समोर बसलेल्यांत त्याला अडवायची हिंमत आहे का हा प्रश्न मला मोठा वाटतो, असंही लिहिलं. लिहिताना कान गरम झाले. रविवारी संध्याकाळपर्यंत निबंध झाला, आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडला. शेवटच्या परिच्छेदात एक म्हातारी बाई आणि न येणारी बस असं हृदयाला हात घालणारं चित्र मी रंगवलं होतं.

खात्री करून घ्यावी म्हणून काकूंना फोन लावला. विचारलं की काकू, तिकडे बस अजिबातच जात नाही ना, मला एका अभ्यासासाठी हवंय.

“बसचं काय घेऊन बसलीस,” काकू म्हणाल्या. “जावई सोडणार होते की गाडीने. मी मुद्दाम नाही आले. इतक्या वर्षांची मी मंडळात, पण मला एकदा कोणी विचारलं नाही गं, की काकू, हॉल बदलू का. तूसुद्धा नाही विचारलंस.”

काकूंनी मग माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही.

सोमवारी पहाटे पाचला उठून मी तो शेवटचा परिच्छेद पुसून टाकला. फार सुंदर होता तो. त्याच्या जागी तीन वाक्यं लिहिली. बस नसणं हे कारण आहे असं मी धरून चालले होते. त्या बाईंना कोणी विचारलं नाही, हे खरं कारण होतं. मी कमिटीत होते आणि मीही विचारलं नाही. साडेपाचला निबंध पाठवला, आंघोळ केली आणि शाळेत गेले.

आठवड्याने निकाल आला. पास, सी. इतके कमी मार्क मला जन्मात पडले नव्हते. प्राध्यापकांनी मधल्या दोन परिच्छेदांवर खूप काही लिहिलं होतं. सिनेटबद्दल तुमची समजूत चुकली आहे, इथे घाई केलीत, हा मुद्दा मला पटत नाही. शेवटच्या तीन वाक्यांपाशी त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. उरलेला कोर्स मी रडतखडत, पण स्वतःच्या शब्दांत पुरा केला, एका वर्गमित्राशी चक्क भांडलेसुद्धा, आणि जुलैत पदवीचा कागद हेडबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि सप्टेंबरचं वेळापत्रक माझ्या हातात दिलं.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी यंदाच्या गणपतीसाठी मंडळाची मीटिंग होती. त्याच्या आदल्या दिवशी मी काकूंकडे गेले. पदवीचे पेढे दिले, त्यांनी पाठीवर हात फिरवला. मग मी विचारलं, “काकू, यंदा गणपती कुठे बसवायचा? तुम्हाला काय वाटतं?”

काकूंनी पेढा तसाच हातात धरला.

“थांब,” त्या म्हणाल्या. “असं एकदम कसं सांगू? मला विचार करू दे.”

मी बसून राहिले.