व्हिसाच्या पगारातली कटती

मंडळी, कपाळावर तीन टाके घेऊन लिहून राहिलो. फोटो मागू नका.

माझी बहीण नर्स आहे. परदेशातल्या दवाखान्याचं नोकरीचं पत्र आलं, म्हणून आज सकाळी ती, मी आणि बाबा हिवरखेडहून अकोल्याला एजंटकडे गेलो. त्या देशाचा नियम असा की ठरवून दिलेल्या रकमेपेक्षा पगार कमी असला तर व्हिसाच मिळत नाही. पत्रात बरोबर तेवढाच पगार होता.

एजंट म्हणाला, "हा कागदावरचा. दर महिन्याले यातला तिसरा हिस्सा मालकाले रोख वापस द्या लागते."

बाबांनी चक्क मान डोलावली! "चालते. मंडीत व्यापारी मालात माती हाय म्हून क्विंटलमागं वजन कापते, ते कटती देतोच आमी."

माझं डोकंच फिरलं. एजंटची कॉलर धरून त्याला टेबलावर आपटला. काच फुटली. त्यानं पेपरवेट माझ्या कपाळावर हाणला. मी खुर्ची उचलली, तर बाबांनी माझ्याच कानाखाली वाजवली. "पोरीचं काम बिघडवून राहिला का बे?"

बहिणीनं माझ्या रक्तावर ओढणी दाबली. दुसऱ्या हातानं पत्र चुरगाळलं.

"बाबा, परका देश म्हणते तुमच्या पोरीले याच्याखाली पगार द्याचा नाही. तुमी काहून कमी करून राहिले?"

टाके घालून एस.टी.त बसलो. गावात उतरताना बाबा म्हणाले, "मले कधी कोणी इचारलंच नाही रे, कमीत कमी किती पाहिजे म्हून."

तुमच्या बापाला कोणी विचारलं होतं?