निळ्या कोटाची बारा माणसं

“कोणाचाय हा कोट?”

मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की त्यांचा आवाज खारघरच्या डोंगरावर आपटला आणि परत येताना मेट्रोच्या पुलावरची कबुतरं सोबत घेऊन आला. खोटं नाही सांगत. त्यातलं एक आमच्या वर्गाच्या खिडकीत बसून पुढचा सगळा तमाशा बघत होतं.

फरशीवर माझी नऊ चित्रं मांडलेली होती. नऊ माणसं, काळ्या कोळशाने काढलेली. रंग एकच, निळा, आणि तो नऊच्या नऊ जणांच्या अंगातल्या कोटाला. कोणाच्या अंगात तो तंबूसारखा, कोणाच्या अंगात उशीच्या अभ्र्यासारखा, पण कोट तोच.

“मी माणसं काढायला सांगितली होती. जशी आहेत तशी!” मॅडम म्हणाल्या. “तू काय शिंप्याची जाहिरात करतेयस?”

“मॅडम, ती तशीच असतात,” मी म्हटलं. “समोर कोणी कागद घेऊन बसलं की.”

आमच्या कॉलेजात बारावीला चित्रकलेचा एक वरचा वर्ग होता. मला त्यात घ्यावं म्हणून आई प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर अशी काही ठाण मांडून बसली होती की शिपायाने शेवटी तिच्यासाठी पंखा आणून लावला. या वर्गात परीक्षा म्हणजे पोर्टफोलिओ. बारा चित्रं, सगळी जिवंत माणूस समोर बसवून काढलेली. बाहेरून एक परीक्षक सर येणार आणि एक जरी चित्र मोबाइलमधल्या फोटोवरून उतरवलेलं निघालं तर अख्खा पोर्टफोलिओ बाद. आणि तो बाद झाला तर पुढे काय, हे घरी ठरलेलं होतं. कॉमर्स. हा शब्द ऐकला की माझे केस आपोआप चापूनचोपून बसायचे.

कोटाला जबाबदार मामा. मामा जुईनगरला राहतो. पहिलं चित्र त्याचं काढायचं ठरलं, कारण तो आमच्या खाटेवर बनियनवर पसरलेला आयता सापडला. मी बोर्डाला कागद लावला मात्र, मामा ताडकन उठला, थेट जुईनगरला गेला आणि आंघोळ करून, भांग पाडून, लग्नातला कोट घालून परत आला. साताऱ्यात शिवलेला, गडद निळा, पुढे तीन सोनेरी बटणं. प्रत्येक बटणावर एक घोडा. घोडा एवढा बारीक की मामा सोडून आजवर तो कोणाला दिसलेला नाही. चित्र झालं, मामाला उकडायला लागलं, कोट आमच्या खिळ्याला अडकवून तो शर्टावर घरी गेला.

घणसोली गावातली आमची गल्ली अशी की समोरासमोर आलेल्या दोघांनी एक तर मागे फिरावं, नाही तर लग्न तरी करावं. अशा गल्लीत खिळ्यावरचा कोट गुपित राहतोय होय! संध्याकाळी घरमालकीण काकू दारात.

“मामाला कोट नि मी अशीच? घर कोनाचा हाय?”

घर तिचंच होतं. काकू लुगड्यावर कोट घालून बसली, गळ्यातलं सगळं सोनं बाहेर काढून. मग पलीकडच्या टॉवरचे वॉचमन काका आले. त्यांना मी वॉचमनच्या ड्रेसातच काढणार होते. ते म्हणाले, “हा ड्रेस काय, रोजचाच हाय. एकदा माणसात दिसू द्या की, ताई.” दिला कोट.

पप्पांच्या वेळी मात्र मी पक्कं ठरवलं, कोट नाही म्हणजे नाही. पप्पा वाशीच्या मार्केटात माथाडी. कांद्याची दोन पोती आणि त्यावर बसलेली मी, एवढं ते सहज उचलायचे. अंगाने असे दांडगे की ट्रक मागे घेताना ड्रायव्हर आधी त्यांना हॉर्न द्यायचे. आणि बोलणं? वर्षाकाठी चाळीसेक शब्द, त्यातले निम्मे क्रिकेट बघताना. मी कागद-कोळसा घेऊन थेट गाळ्यावर गेले. पाठीवर पोतं घेतलेला बाप, काय चित्र झालं असतं! मला बघितल्याबरोबर पप्पांनी पोतं खाली ठेवलं, हात पुसले आणि डब्याच्या पिशवीतून कोट काढला.

मग काय, कांद्याच्या थप्पीसमोर छाती पुढे काढून, श्वास रोखून उभे राहिलेले पप्पा काढले. कोट अंगात गेला होता, एवढंच. पुढे मिटायचं नाव नव्हतं.

तर मॅडम ओरडून दमल्या आणि फरशीवर बसल्या. एकेक कागद हातात घेऊन बघायला लागल्या. काकूचा बराच वेळ बघितला. पप्पांचा त्याहून जास्त. खिडकीतलं कबूतर कंटाळून गेलं.

“कोट आत्ता कुठंय?”

“घरी. खिळ्यावर.”

“तिथेच राहू दे. उरलेले तिघंही त्यातच काढ. आता हाच तुझा विषय. आणि हात धुऊन ये, माझ्या ओढणीला कोळसा लावलायस.”

उरलेले तिघं काढून होतात न होतात तोच मामाच्या साडूकडे लग्न निघालं आणि मामा कोट न्यायला आला. त्याने तो उजेडात धरला. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली, एवढी मोठी आरोळी.

“मधलं बटण कुठाय!”

मग मामाने घरोघर जाऊन चौकशी केली. सगळ्यांचं उत्तर एकच: आमच्याकडे आला तेव्हा नव्हतंच. काकूने गावदेवीची शपथ घेतली आणि वर मामालाच सुनावलं, “तुजा बटन घेऊन मी काय चाटू?” मला विचारलं तर मलाही आठवेना. मी समोर दिसेल ते काढत होते, लक्षात ठेवायचं काम कोणी सांगितलं होतं?

परीक्षेच्या दिवशी चित्रांतल्या मंडळींना मी बघायला बोलावलं होतं. पप्पा ड्युटीवर होते. बाकी सगळे आले आणि सगळ्यांत आधी आला मामा. चित्रं बघायला नव्हे. सगळे संशयित एका जागी सापडणार म्हणून.

परीक्षक सर किडकिडीत, चष्मा कपाळावर ढकललेला, तोंड असं की नुकतीच कच्ची कैरी खाल्लीय. भिंतीवरची माझी बारा चित्रं त्यांनी लांबूनच बघितली आणि मॅडमना म्हणाले, “हे समोर बसवून काढलेलं नाही. कोटाचा एकच फोटो घेतलाय आणि वर फक्त डोकी बदललीयत.”

“नाही हो सर, हिने खरंच…”

“मग कोट सगळीकडे अगदी तोच कसा?”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. कॉमर्स दारात येऊन चपला काढत होतं.

तेवढ्यात मामा ओरडला, “सापडलं!”

तो केव्हाचा एकेका चित्राला नाक लावून पुढे सरकत होता. “या साहेब, बघा! हा मी, बटण आहे. काकू, आहे. वॉचमन, आहे. आणि हे बघा! इथून पुढे एकाच्याही कोटाला नाही. नुसता दोरा लोंबतोय!”

सरांनी चष्मा खाली ओढला. पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत गेले, शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत आले. पहिल्या तिघांना तीन-तीन बटणं. पुढच्या नऊ जणांना दोन-दोन, आणि मध्ये बोटाच्या पेराएवढा दोरा.

“दोरा पण काढलास?” त्यांनी मला विचारलं.

“होता ना, सर.”

सर हसले. कैरी गोड निघाली असावी. त्यांनी कागदावर सही केली, मॅडमनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून थंडी पडली की तिथे ठणकतं. कॉमर्सने चपला घातल्या आणि जिन्याने पळ काढला.

मामाचं बोट मात्र चौथ्या चित्रावर तसंच होतं. इतका वेळ तो फक्त बटणाची जागा बघत होता. आता त्याने हळूहळू मान वर केली, आणि त्याला कांद्याची थप्पी दिसली, आणि तिच्यापुढचा चेहरा दिसला. अख्ख्या घणसोलीला धारेवर धरणारा माझा मामा एकदम लहान झाला. कारण बहीण ज्या घरी दिली तिथल्या दाजींवर आवाज चढवायचा नसतो.

संध्याकाळी पप्पा मार्केटातून आले. आईने चहा दिला. मामा कोट मांडीवर घेऊन समोर बसला, दोनदा खाकरला आणि देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाला, “दाजी… ते मधलं बटण…”

पप्पांनी बशीतला चहा संपवला.

“आवळत होतं,” म्हणाले.