अँटेनाचं तोंड

थोरल्या काकांना गल्लीत सगळे देवमाणूस म्हणायचे. मला ते कधीच आवडले नाहीत, आणि आता ते या जगात नाहीत म्हणून मुद्दाम आवडून घ्यावेत असंही मला वाटत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, तर एवढंच बोलते की आवाज खणखणीत होता. गच्चीवरून ते बोलले की तिसऱ्या घरात कळायचं.

वडील आणि ते सख्खे भाऊ. मला कळायला लागायच्या आधीच कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या वाटण्या झाल्या होत्या. मधे भिंत आली, चुली दोन झाल्या, अंगणातल्या नळालासुद्धा दोन तोट्या बसल्या. वाटता आला नाही तो गच्चीवरचा टीव्हीच्या अँटेनाचा खांब. एकाच अँटेनाच्या दोन वायरी, एक त्यांच्या घरात, एक आमच्या. "खांब सामाईक हाय," हे काकांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि सामाईक याचा त्यांच्या तोंडी अर्थ 'माझा' असा होता.

नव्वदच्या त्या वर्षांत अँटेनाचं तोंड कुणीकडं आहे यावर घरात काय दिसणार हे ठरायचं. आमच्या उत्तरेला टेकडीवर टॉवर होता, तिथून मुंबईचे मराठी कार्यक्रम यायचे. खांब दक्षिणेकडं वळवला आणि हवा बरी असली, तर बेळगावच्या बाजूचं कानडी केंद्र लागायचं. ते स्वच्छ कधीच लागायचं नाही. पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटायचं आणि त्यातून एखादा चेहरा, एखादा लुगड्याचा काठ वर यायचा. आवाज मात्र यायचा, फक्त मुंग्यांच्या खरखरीवर मात करायला तो मोठा ठेवावा लागे.

हे कानडी केंद्र फक्त आईला हवं होतं. तिचं माहेर निपाणीच्या पुढचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी येत होतं, पण तिच्या मराठीवर घरात सगळे हसायचे. तिच्याशी कानडीत बोलणारं कुणी नव्हतं. वडिलांना ती भाषा समजायची, पण त्यांनी ती न समजल्यासारखं करायचं ठरवलं होतं, कारण थोरल्या भावाला चालायचं नाही. मराठी माणसाच्या घरात कानडी बोलणं कशाला, असं काका म्हणायचे. सीमाप्रश्न दिल्लीला सुटला नाही तो त्यांनी आमच्या गच्चीवर आणला. गंमत अशी की त्यांच्या स्वतःच्या आईची बोली कानडीच होती. आमचं घराणं दोन पिढ्यांपूर्वी व्यापाराला म्हणून तिकडूनच इकडं आलं होतं. पण कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच.

आईच्या वाट्याला सोमवारची संध्याकाळ होती. त्या दिवशी काका महादेवाला जायचे आणि भजन आटपून यायचे. तेवढ्या वेळात कानडीत एक नाटक लागायचं. काकू त्या वेळी आपल्या घरातला टीव्ही बंद करून भाकरीला बसायची. तिला सगळं माहीत होतं. आठवड्यातला तेवढा अर्धा तास आई आपल्या भाषेत ऐकायची, आणि पडद्यावरच्या बाईला हळूच उत्तरंही द्यायची. एरवी ती आमच्यात असून नसल्यासारखी असायची. त्या अर्ध्या तासात ती हसायची.

खांब फिरवायची रीत सगळ्या गल्लीला ठाऊक होती. एकानं गच्चीवर पाइप धरायचा, एकानं खिडकीत उभं राहून पडदा बघायचा आणि ओरडायचं. आई पदर खोचून वर जायची. मी खिडकीत. कानडी लावायचं म्हणून तिनं मला दोन शब्द शिकवले होते. बंतु म्हणजे आलं. इल्ला म्हणजे नाही. तिच्या सगळ्या भाषेतले मला येणारे शब्द हे एवढेच.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. सोमवारी त्याच वेळी मराठीत एक मालिका लागायची. वर्गातल्या सगळ्या मुली मंगळवारी तिच्यावर बोलायच्या आणि मी मूग गिळून बसायची. एका सोमवारी आईनं वरून विचारलं, "बंतु?" पडद्यावर अंबाड्यात फूल माळलेली बाई नाकी-डोळी ओळखू येईल इतकी दिसत होती. मी म्हटलं, "इल्ला."

तिनं पाइप थोडा हलवला. मी पुन्हा इल्ला म्हटलं.  ती लगेच खाली आली नाही, पाइप धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं दमली असेल, आणि माझी मालिका निसटत होती म्हणून मी आतल्या आत चडफडत होते. शेवटी तिनं खांब परत उत्तरेकडं केला, खाली आली, हाताचा गंज न्हाणीत धुतला आणि माझ्या शेजारी बसून माझी मालिका बघितली.

पुढच्या सोमवारी मी तेच केलं. त्याच्या पुढच्याही. पुढं पुढं ती वर जायची ती जणू नेम म्हणून. दरवेळी वर थोडा वेळ उभी राहायची आणि मग खाली यायची. काकांनी तिची भाषा तोडली म्हणून मी पुढं आयुष्यभर त्यांचा राग केला. तो खराच होता. पण खिडकीत उभी राहून इल्ला म्हणणारी मी होते, काका तेव्हा देवळात होते.

मी शिकले, पुण्याला नोकरीला लागले. आईचे गुडघे गेले आणि तिचं गच्चीवर चढणं संपलं. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी सरकारी वाहिन्या फुकटात दाखवणारी छत्री निघाली. एक छत्री भिंतीवर ठोकायची, टीव्हीखाली एक बॉक्स ठेवायचा, झालं. खांब नको, फिरवणं नको, आणि कानडी वाहिनी त्यात दिवसभर. मी सुट्टी टाकून आले आणि ती बसवून घेतली. मोठ्या मनानं केलं असं दाखवलं, पण मला त्या सोमवारांची फेड करायची होती.

वडिलांनी नेहमीप्रमाणे शेपूट घातलं. गच्ची सामाईक आहे म्हणून त्यांनी त्याच छत्रीवरून काकांच्या घरातही वायर आणि बॉक्स द्यायला लावला.  बसवणाऱ्या माणसानं होकायंत्र काढलं, छत्री आग्नेयेकडं वळवली आणि नटबोल्ट आवळले. आईनं पहिल्यांदा ते चित्र बघितलं तेव्हा ती पडद्याजवळ गेली आणि पदरानं काच पुसली. मुंग्या कुठं गेल्या, असं तिनं विचारलं.

दोन आठवड्यांनी वडिलांचा फोन आला की टीव्ही बंद पडलाय. दिवाळीसाठी मी येणारच होते, दोन दिवस आधीच आले. गच्चीवर जाऊन बघितलं तर छत्रीचं तोंड थेट उत्तरेला होतं. बोल्ट पान्यानं सैल केलेले, आणि पाना तिथंच पडलेला. एवढा पाना आमच्या गल्लीत एकाच घरात होता.

काका त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. आत त्यांचाही टीव्ही काळाठिक्कर होता, आणि तो तसा चार दिवस होता, पण माणसानं चूक कबूल करायची म्हणजे आभाळ कोसळतं. मी विचारलं तर त्यांनी लपवलं नाही.

"मी फिरीवली. कर्नाटकाकडं तोंड करून बसलीती. मुंबई दिसायला मुंबईकडंच तोंड नगं व्हय?"

मी सांगितलं की हे टॉवरवरून येत नाही, आभाळातून येतं, आणि आभाळातल्या त्या यंत्राकडं बघायचं तर तोंड तिकडंच करावं लागतं.

"म्हंजे आभाळ बी त्यांचंच की," काका म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं, पण आला तो राग. वीस वर्षांचा साठलेला. मी भर गल्लीत त्यांना विचारलं, "तुमच्या आईनं मरताना पाणी कुठल्या भाषेत मागितलं?" हे मला काकूनं सांगितलं होतं. आजीनं शेवटी नीरु, नीरु म्हणत डोळे मिटले होते, आणि पाणी यांनीच पाजलं होतं. काकांचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

आई आमच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती मला जवळ घेईल, निदान बरं केलंस म्हणेल. ती म्हणाली, "वर जा. फिरव."

दुपारचे दोन वाजले होते. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं आणि गच्चीचा स्लॅब तापला होता. बोल्ट सैलच होते, मी छत्री आग्नेयेकडं आणायला लागले. जुन्या अँटेनाचं बरं होतं, थोडं वळवलं की थोडं दिसायचं, मुंग्या कमी झाल्या की रस्ता बरोबर आहे हे कळायचं. या छत्रीत अर्धमुर्धं काही नाही. एक बोट इकडं की काळं, एक बोट तिकडं की सगळं. हलवायचं, थांबायचं, विचारायचं. मी वरून ओरडले, "बंतु?"

खालून आईचा आवाज आला, "इल्ला."

मी बोटभर सरकवली. इल्ला. आणखी बोटभर. इल्ला. परत मागं आणली. इल्ला. पत्रा हाताला चटके देत होता, पाठ घामानं भिजली होती. अर्धा तास झाला असेल. मी काकांना शिव्या घातल्या, छत्री बसवणाऱ्याला घातल्या, शेवटी आभाळातल्या यंत्रालाही घातल्या. आई प्रत्येक वेळी न थकता तेवढंच म्हणत होती. मग मी वैतागून कठड्याला टेकून उभी राहिले.

आई अंगणात आली. गुडघ्यावर हात टेकून तिनं मान वर केली.

"बंतु," ती म्हणाली. "कवाच बंतु."

मग म्हणाली का नाहीस, असं मी विचारलं.

"आवाज बंद केलता. गच्चीवर लई ऐकू येतंय खालचं." तिनं डोळ्यांवर हात धरला. "तवा बी यायचं. तू इल्ला म्हणायचीस, आन् मी वर हुबी ऱ्हाऊन ऐकायची. दोन-चार वाक्यं झाली की यायची खाली."

मी पाना उचलला आणि बोल्ट आवळले. ती वळली, हळूहळू आत गेली, आणि तिनं टीव्हीचा आवाज मोठा केला.