गादीवरची चप्पल

बेंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनवर उतरले तेव्हा डोक्यात एकच घोर होता: भावोजींचा पाय वाचेल ना? माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन बेंगळुरूला गेली ती तिथलीच झाली. सासर कैक पिढ्या तिकडेच राहिलेलं मराठी, चिकपेटेत साड्यांचं दुकान. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "सुमे, ह्यांच्या पायाला जखम झालीय. डॉक्टर म्हणतात, अंगठा काढावा लागेल." मिरजेहून मिळेल ती गाडी पकडली.

मेट्रोने थेट चिकपेट गाठलं आणि बाहेर पडून चुकलेच! ज्या गल्लीत शिरले तिथे नुसते नळ, तोट्या आणि कुलपं. हमाल "दारी बिडी!" (वाट सोडा) ओरडत अंगावर येताहेत आणि मी बॅग सांभाळत गरागरा फिरतेय. शेवटी एका फुलवालीने दुकानापर्यंत पोचवलं, आणि घाईत मी चपलांसकट गादीवर चढले.

"अय्यो! चप्पल, चप्पल!" सगळं दुकान ओरडलं.

भावोजी कोपऱ्यात पाय पसरून बसले होते. अंगठ्याला ही मोठी पट्टी, तरी हसले. "मेहुणीबाई, आल्या आल्या लक्ष्मीला तुडवलंत? सरी, सरी (बरं, बरं). आधी स्वल्प (थोडी) कॉफी घ्या."

पांढऱ्या गादीवर मालक, नोकर, गिऱ्हाईक, सगळे अनवाणी. तिथेच साडीची टाचणी भावोजींच्या अंगठ्यात शिरली होती. मधुमेहाने तळव्यांची जाणीव गेलेली. माणूस दिवसभर टाचणी घेऊन हिंडला आणि पत्ता नाही!

संध्याकाळी अक्का आम्हाला मागच्या गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मी नाक मुरडलं. "अगं, पूर्वी नुसती इमारतच होती," अक्का म्हणाली. "दुपारी कुलूप, औषधं बाहेरून आणा. बाजारातला माणूस दुकान टाकून येणार कधी? आता डॉक्टर संध्याकाळी बसतात. साखर इथेच बघतात, गोळ्या इथेच देतात, फुकट."

तरुण डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली आणि हिंदीत बजावलं, "अंगठा वाचू शकतो. पण अनवाणी पाय टेकायचा नाही. गादीवरसुद्धा."

"गादीवर चप्पल? छे!" भावोजी उसळले. "आमच्या वडिलांनी जन्मात घातली नाही."

"आणि मामंजींचा पाय गुडघ्याखाली कापला, ते विसरलात?" अक्काने सुनावलं. "तेव्हा साखर बघायला इथे कोण होतं?"

भावोजींनी गोळ्यांची पुडी खिशात टाकली आणि माझा हात धरून उठले.

शुक्रवारी अक्काने मऊ तळाच्या नव्याकोऱ्या चपला आणल्या, लक्ष्मीपुढे ठेवून त्यांना हळदीकुंकू लावलं आणि स्वतः नवऱ्याच्या पायात घातल्या. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. शेजारचा व्यापारी डोकावला. "काय अण्णा, गादीवर चप्पल?"

"हो," भावोजी गुरगुरले. "तूही साखर तपासून घे, संध्याकाळी चल माझ्याबरोबर."

तो खरंच दवाखान्यात गेला. मग त्याचा भाऊही तपासून आला.

घरी भात कमी झाला, मुद्दे (नाचणीचा शिजवलेला गोळा) सुरू झाला. तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. मी चावला, तो दातांना चिकटला आणि भावोजींनी माझी यथेच्छ थट्टा केली. आठवड्यासाठी गेलेली मी महिन्याहून जास्त राहिले. काय करू, पाय निघेना.

निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. अंगठा चारी बाजूंनी नीट पाहिला. "भरत आलीय जखम. आता कापायचं काही नाही. पण चप्पल सोडायची नाही हं."

एवढा आडदांड माणूस, पण तिथेच बाकावर हमसून हमसून रडला. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मीही रडले, लाजायचं काय त्यात!

मिरजेत परतल्यापासून शेजारी विचारतात, "सरकार आरोग्यावर एवढा पैसा घालतं म्हणे, तो जातो कुठे?" सगळ्याचं मला ठाऊक नाही बाई. पण त्यातला थोडा चिकपेटेच्या एका गल्लीत गेला, आणि त्यावर माझे भावोजी आज उभे आहेत, दोन्ही पायांवर, दहाही बोटांनिशी.